शेवया, सोडा आणि वीस मिनिटांचे जेवण

स्वयंपाकाला वेळ का लागतो, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे काय? मटणाचा रस्सा तासभर रटरटत ठेवावा लागतो. तुरीची डाळ एका गावच्या विहिरीच्या पाण्यात चटकन शिजते, तर दुसऱ्या गावच्या पाण्यात काही केल्या मऊ होत नाही. उलट कोरिया देशातील गृहिणी मांसाचे पातळ काप आणि गव्हाच्या शेवया घेऊन वीस-पंचवीस मिनिटांत घरच्या चौघांचे पोटभर जेवण तयार करते. तिची चूल तुमच्या घरच्या चुलीपेक्षा फार तापते असे नाही. मग हे साधते कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला कोरियाला जाण्याची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातील घाटावरचे आणि घाटाखालचे पाणी, उन्हाळ्यात घरोघरी होणाऱ्या शेवया, शेतातले सोयाबीन व तीळ आणि लोणारचे खारे सरोवर एवढी सामग्री आपल्याला पुरेल. पदार्थ लवकर शिजवण्याचे चार मार्ग आपण एकेक करून तपासू. प्रत्येक मार्गाची काही किंमत असते. ती कोणती, हेही पाहू.

पहिला मार्ग : पातळ कापणे

पातेल्यातील पाणी उकळत असले, तरी त्यात टाकलेल्या बटाट्याच्या मध्यभागाला त्याची वार्ता नसते. बाहेरची उष्णता आत झिरपत जावी लागते. अन्नपदार्थांत बहुतांशी पाणी असते आणि अशा पदार्थांतून उष्णता फार सावकाश पसरते. तिचा हिशेब अंदाजाने असा मांडता येतो : पदार्थाची अर्धी जाडी मिलिमीटरमध्ये घ्यावी, तिचा वर्ग करावा आणि त्याला ०.१४ ने भागावे. जे उत्तर येईल, साधारण तितक्या सेकंदांत बाहेरची उष्णता मध्यापर्यंत चांगली पोहोचते.

आता दोन उदाहरणे करू. मांसाचा तुकडा ४ सेंटिमीटर, म्हणजे ४० मिलिमीटर जाड आहे. अर्धी जाडी २०, तिचा वर्ग ४००. ४०० भागिले ०.१४ म्हणजे सुमारे २,८५७ सेकंद, अर्थात जवळजवळ ४८ मिनिटे. त्याच मांसाचा काप ४ मिलिमीटर जाडीचा केला, तर अर्धी जाडी २, वर्ग ४, आणि वेळ सुमारे २८ सेकंद! जाडी दहापटीने कमी झाली, वेळ मात्र शंभरपटीने कमी झाला. लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणात बदलत नाही, तर जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. कोरियन गृहिणीचे निम्मे रहस्य या एका वाक्यात आहे.

करून पहा : एका मोठ्या बटाट्याचे १ सेंटिमीटर आणि २ सेंटिमीटर बाजूचे घन कापा. उकळत्या पाण्यात ते एकदम टाका. दर दोन मिनिटांनी प्रत्येक आकाराचा एक घन झाऱ्याने बाहेर काढून मधोमध चिरा. शिजलेला भाग आणि मधला कच्चा गाभा वेगळे ओळखू येतात. गाभा नाहीसा व्हायला कोणाला किती वेळ लागला, याची नोंद करा. मोठ्या घनाला लहानाच्या दुप्पट वेळ लागला की चौपट?

पण येथे एक शंका तुम्ही काढलीच पाहिजे. उष्णता ४८ मिनिटांऐवजी अर्ध्या मिनिटात पोहोचली, म्हणून मटण अर्ध्या मिनिटात मऊ होईल काय? नाही. मांसात स्नायूंचे धागे असतात आणि त्या धाग्यांना बांधून ठेवणारे कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन असते. हे कोलॅजन गरम पाण्यात हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन बनते, तेव्हा मांस मऊ पडते. ही रासायनिक क्रिया आहे. तिला तास-दीड तास लागतोच, तुकडा केवढाही असो. पायाच्या हाडांचा रस्सा थंड झाल्यावर थिजतो, तो या जिलेटिनमुळेच.

मग कोरियन स्वयंपाकात काय करतात? तेथे ‘बुलगोगी’ नावाचा पदार्थ फार लोकप्रिय आहे. त्यासाठी गोमांसाचा असा भाग निवडतात, की ज्यात मुळातच कोलॅजन कमी आहे. तो धाग्यांना आडवा छेद देऊन पातळ कापतात. धागे आखूड झाले, की दातांना करायचे काम सुरीने आधीच केलेले असते. म्हणजे चिवटपणा घालवायला वेळ देण्याऐवजी चिवटपणाला बगल दिली जाते. महाराष्ट्रात गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीस २०१५ पासून कायद्याने बंदी आहे. आपल्या प्रयोगासाठी कोंबडीच्या छातीचे हाड काढलेले मांस उत्तम. त्यातही कोलॅजन थोडे असते. शाकाहारी घरांत सोयाबीनच्या वड्या किंवा पनीर चालेल.

शेवई काय सांगते?

आता शेवयांकडे वळू. ग्रामीण भागात लग्नाच्या रुखवतात शेवया, कुरडया मांडण्याची पद्धत तुम्ही पाहिली असेल. कोरियातही लग्नात शेवयांचे जेवण देतात. शेवई लांब, तसे आयुष्य लांब, अशी तिथली भावना आहे. गंमत अशी, की कोरियात गहू फारसा पिकत नसे. जुन्या काळी शेवया बहुधा कुट्टूच्या पिठाच्या असत. १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर अमेरिकेहून मदत म्हणून गव्हाचे पीठ मोठ्या प्रमाणावर आले आणि गव्हाच्या शेवया घरोघरी पोहोचल्या.

ज्वारीच्या पिठाची शेवई का वळता येत नाही? याचे उत्तर ग्लूटेन. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले, की त्यातील दोन प्रकारची प्रथिने एकमेकांत गुंतून एक लवचिक जाळे तयार होते. त्या जाळ्यात पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, बारीक कण अडकून बसतात. म्हणून गव्हाची कणीक ताणली जाते. ज्वारीच्या पिठात हे जाळे होत नाही, म्हणून भाकरी थापावी लागते. मळलेली कणीक झाकून ठेवण्यात काय अर्थ आहे, तेही आता कळेल. पाणी सगळ्या पिठात मुरते, ताणलेले जाळे सैल पडते आणि शेवई न तुटता ओढता येते. शेवया आणि रव्यासाठी आपल्याकडे बन्सी आणि खपली हे गहू पूर्वापार नावाजलेले आहेत.

करून पहा : १०० ग्रॅम कणीक घट्ट मळून अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. नंतर पाण्याच्या भांड्यातच हळूहळू चोळा. पाणी दुधासारखे पांढरे होईल, ते पिष्ट. पाणी बदलत राहा. शेवटी हातात एक चिकट, रबरासारखा गोळा उरेल; ते ओले ग्लूटेन. त्याचे वजन करा. पांढऱ्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकला तर निळा-काळा रंग येईल. गोळा चांगला धुतला गेला असेल, तर त्यावर हा रंग फारसा येणार नाही.

शेवई शिजते म्हणजे काय होते? पिष्टाचे कण साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी शोषून फुगू लागतात आणि त्यांची खळ बनते. मघाचा हिशेब २ मिलिमीटर जाडीच्या शेवईला लावला, तर उष्णता मध्यापर्यंत जायला ७ सेकंद पुरतात. तरीही शेवईला काही मिनिटे लागतात. कारण वाळलेल्या शेवईत उष्णतेबरोबर पाणीही शिरावे लागते, आणि पाणी उष्णतेपेक्षा कितीतरी पटींनी मंद गतीने आत जाते. मात्र वर्गाचा नियम पाण्यालाही लागू आहे. शेवई दुप्पट जाड, तर वेळ चौपट.

जपानमध्ये १९५८ साली मोमोफुकु आंदो यांनी झटपट शेवया बाजारात आणल्या. कोरियात १९६३ साली अशा शेवया तयार होऊ लागल्या, आणि १९८३ साली भारतात ‘मॅगी’ आली. या शेवया आधीच वाफवून मग तेलात तळलेल्या असतात. वाफेने पिष्ट शिजलेले असते. तळताना पाणी झपाट्याने वाफ होऊन निघून जाते आणि शेवईत असंख्य छिद्रे पडतात. त्या छिद्रांतून गरम पाणी झटकन आत शिरते. म्हणजे ‘दोन मिनिटे’ हा कारखान्यात आधीच खर्च झालेल्या वेळेचा आणि इंधनाचा उरलेला हिशेब आहे.

दुसरा मार्ग : तापमान वाढवणे

बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६४० मीटर उंचीवर आहे. घाटाखालचे मलकापूर त्याहून सुमारे चारशे मीटर खाली आहे. उंचावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळते. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. म्हणजे मलकापुरात पाणी सुमारे ९९ अंशांना उकळते, तर बुलढाण्यात ९८ च्या जरा खाली. शिजण्याच्या रासायनिक क्रियांचा वेग तापमान १० अंशांनी वाढले, की ढोबळ मानाने दुप्पट होतो. त्या हिशेबाने उघड्या पातेल्यात तीच डाळ शिजायला बुलढाण्यात मलकापूरपेक्षा नऊ-दहा टक्के जास्त वेळ लागावा.

प्रेशर कुकर ही अडचण दूर करतो. त्यात दाब वाढून पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. ९८ वरून १२० म्हणजे २२ अंशांची वाढ, अर्थात वेग चौपटीहून थोडा जास्त. कोलॅजनसारख्या हट्टी प्रथिनालाही कुकर लवकर वठणीवर आणतो.

तवा त्याहूनही तापतो. पण तव्यावर एक फसगत होते. कोरियन पद्धतीत मांसाला तपकिरी, खरपूस रंग आणि वास यावा लागतो. साखर आणि प्रथिनांचे घटक यांच्यातील एका क्रियेमुळे हा वास येतो. ती जोमाने व्हायला साधारण १४० अंशांच्या वर तापमान हवे. मांसात तीन-चतुर्थांश पाणी असते. सगळे काप एकदम कढईत टाकले, तर पाणी सुटते, आणि ते पाणी आटेपर्यंत तापमान शंभराच्या आसपासच अडून राहते.

किती उष्णता त्यात वाया जाते पहा. १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी अप्रकट उष्मा लागतो. १०० ग्रॅम पाणी आटवायला ५४,००० कॅलरी. उलट १ लिटर पाणी २५ अंशांवरून ९८ अंशांपर्यंत तापवायला ७३,००० कॅलरी पुरतात. म्हणजे कढईतले अर्धी वाटी पाणी आटवण्याच्या उष्णतेत तुम्ही पाऊण लिटर पाणी उकळीला आणू शकता. म्हणून काप तीन वेळा थोडे थोडे करून परतावेत. तिन्ही वेळा मिळून लागलेला वेळ एकदम टाकण्यापेक्षा कमी भरतो.

तिसरा मार्ग : विकरांची मदत

बुलगोगीचे मांस मुरवताना सोयाबीनचा रस, साखर, लसूण, तिळाचे तेल आणि किसलेले कोरियन नासपती घालतात. फळ कशासाठी? गोडीसाठी तर खरेच. पण त्यात प्रथिनांचे तुकडे करणारे विकर, म्हणजे एंझाइम, असते. हीच युक्ती आपल्याकडे चांगली माहीत आहे. जून मटणाला कच्च्या पपईचा गर लावतात. पपईच्या चिकात पपेन नावाचे विकर असते, आणि ते नासपतीतल्या विकरापेक्षा बरेच जोरकस असते.

करून पहा : कणकेचे दोन सारखे गोळे घ्या. एकात चमचाभर कच्च्या पपईचा वाटलेला गर आणि दुसऱ्यात चमचाभर पाणी घालून मळा. तासाभराने दोन्ही ताणून पहा. पाण्याचा गोळा ताणला जाईल. पपईचा गोळा ढिला पडून तुटेल. ग्लूटेनचे जाळे पपेनने कापून टाकले. मांसाच्या बाबतीतही हेच होते. म्हणून या मार्गाची किंमत लक्षात ठेवा : पपई जास्त झाली किंवा फार वेळ राहिली, तर मांस मऊ न होता पिठूळ होते. पाव किलोला अर्धा चमचा आणि पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. कोंबडीच्या छातीच्या मांसाला तर तिची गरजही नाही.

कोरियन सोयाबीनचा रस, ‘गांजांग’, हीदेखील विकरांचीच करामत आहे. सोयाबीन शिजवून, कुटून त्याच्या विटा करतात आणि त्या वाळवतात. त्यांवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. मग त्या विटा मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवतात. सूक्ष्म जीवांची विकरे सोयाबीनच्या प्रथिनांचे तुकडे करतात आणि त्यातून चवदार अमिनो आम्ले सुटतात. सोयाबीन हे बुलढाणा जिल्ह्यातले खरिपाचे मोठे पीक आहे. बाजारात मिळणारा सोया सॉस हा याच जातीचा पदार्थ.

चौथा मार्ग : सोडा, आणि लोणारचे सरोवर

आता आपण सर्वांत वादाच्या मार्गाकडे येतो. डाळ शिजेना, की चिमूटभर सोडा टाकायचा, ही युक्ती अनेक घरांत आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचे पाणी खारट. ज्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त, ते पाणी जड. डाळीच्या दाण्यातील पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात. जड पाण्यातील कॅल्शियम या पेक्टिनला अधिकच घट्ट बांधते, आणि दाणा काही फुटत नाही. सोडा टाकला, की पाणी अल्कधर्मी होते, पेक्टिन लवकर विरघळते आणि डाळ मऊ पडते.

अल्कधर्मी पाण्याचा जिल्ह्यातला सर्वांत मोठा साठा म्हणजे लोणारचे सरोवर. बेसॉल्टच्या काळ्या खडकावर उल्का आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर तयार झाले. आसपासच्या खडकांतून झिजून आलेले क्षार पाण्याबरोबर आत येतात. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. त्यामुळे पाण्यात सोडियमची कार्बोनेटे आणि मीठ साठून त्याचा पीएच १० च्या आसपास गेला. सोळाव्या शतकातील ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथात येथील क्षारांपासून काच आणि साबण होत असल्याचा उल्लेख आहे. जुन्या नोंदींत येथील क्षारांच्या प्रकारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे आढळतात. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला. सरोवराचा परिसर २००० सालापासून अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. म्हणून तेथील पाणी किंवा क्षार प्रयोगासाठी आणू नका. तो क्षार घरीच करता येतो.

उडदाच्या पापडात आपण पापडखार घालतो, तोही अल्कधर्मी क्षार. चीन, जपान आणि कोरियातील काही शेवयांच्या कणकेत नेमकी हीच जातीची द्रव्ये, सोडियम आणि पोटॅशियमची कार्बोनेटे, घालतात. मंगोलियाकडच्या सोड्याच्या सरोवरांचे पाणी पिठात वापरले गेले आणि त्यातून ही रीत निघाली, अशी समजूत आहे. अल्कामुळे ग्लूटेनचे जाळे घट्ट होते, शेवई दाताखाली चिवट लागते आणि रश्श्यात लवकर गिचका होत नाही. शिवाय तिला पिवळा रंग येतो. हा रंग बाहेरून घातलेला नसतो. पिठातील रंगहीन द्रव्येच अल्कात पिवळी दिसू लागतात.

करून पहा (मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली) : ८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, कोरड्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे हलवत भाजा. त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सोडियम कार्बोनेट उरते. क्रिया पूर्ण झाली, तर वजन ५.३ ग्रॅम भरेल. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नका; अल्क ते खातो. हाताला व डोळ्यांना भुकटी लागू देऊ नका. आता हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर साध्या सोड्याचे पाणी आणि दुसरीवर भाजलेल्या सोड्याचे पाणी टाका. दुसरीवर जास्त गडद तांबडा डाग पडेल. त्यावर लिंबाचा रस टाका आणि काय होते ते पहा. शेवटी ५० ग्रॅम मैद्याच्या दोन कणका मळा, एक साध्या पाण्यात आणि दुसरी भाजलेल्या सोड्याची एक चिमूट विरघळवलेल्या पाण्यात. रंग आणि ताण यांतील फरक लिहून ठेवा.

आता किंमत. ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, आम्लधर्मी पाण्यात बरेच टिकते. पण अल्कधर्मी पाण्यात उकळले तर झपाट्याने नाश पावते. डाळी आणि अख्खा गहू ही आपल्या जेवणातली या जीवनसत्त्वाची महत्त्वाची ठिकाणे आहेत. ज्या घरात रोजची डाळ सोड्यावर शिजते, तेथे वेळ वाचतो आणि डाळीतला एक मोलाचा घटक रोज थोडा थोडा पातेल्यातच जातो. ताटात डाळ तेवढीच दिसते, म्हणून हे नुकसान कोणाच्या लक्षात येत नाही. पापड वर्षातून एकदा करतात आणि थोडा खातात. डाळ मात्र रोजची. म्हणून पापडातला खार आणि डाळीतला सोडा यांना एकाच मापाने मोजू नये. खारपाणपट्ट्यातील घरांनी डाळ आदल्या रात्री भिजवावी, शिजवण्यापुरते तरी पावसाचे साठवलेले किंवा नळाचे गोडे पाणी घ्यावे आणि कुकर वापरावा. वेळही वाचेल आणि जीवनसत्त्वही.

आता जेवण करू या

चौघांसाठी साहित्य : हाताने वळलेल्या जाड शेवया किंवा बाजारातल्या गव्हाच्या नूडल्स २०० ग्रॅम, कोंबडीच्या छातीचे मांस २५० ग्रॅम, सोया सॉस ३ मोठे चमचे, गूळ किंवा साखर १ मोठा चमचा, लसणाच्या ५–६ पाकळ्या, कांद्याची पात, १ गाजर, मूठभर पालक, तिळाचे तेल २ चमचे, भाजलेले तीळ २ चमचे आणि थोडे लाल तिखट. बारीक भाजक्या शेवया घेऊ नका. त्यांचा लगदा होईल. सोया सॉसमध्ये मीठ भरपूर असते, म्हणून वेगळे मीठ घालू नका.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत वेळखाऊ काम कोणते? दोन लिटर पाणी उकळणे. म्हणून आधी ते झाकण ठेवून चुलीवर चढवा. झाकण नसेल तर वाफेबरोबर उष्णता उडून जाते. पाणी तापत असताना मांसाचे धाग्यांना आडवे, ३–४ मिलिमीटर जाडीचे काप करा. मांस अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवून घट्ट केलेले असले, तर पातळ कापणे सोपे जाते. कापांना सोया सॉस, गूळ, ठेचलेला लसूण, तिखट आणि निम्मे तेल चोळून ठेवा. गाजराच्या काड्या करा, पात चिरा.

पाणी उकळले, की शेवया टाका. मिनिटा-मिनिटाला एक शेवई काढून तोडून पहा. मध्ये पांढरा ठिपका दिसतो तोवर पाणी आत पोहोचलेले नाही. ठिपका गेला, की लगेच चाळणीत ओता आणि गार पाण्याने धुवा. वरचे सुटे पिष्ट निघून जाते, शेवया एकमेकींना चिकटत नाहीत आणि शिजणे थांबते.

लोखंडी कढई चांगली तापवा. उरलेले तेल घाला आणि काप तीन वेळा थोडे थोडे परता. प्रत्येक खेपेला दोन-तीन मिनिटे लागतील. सर्वांत जाड काप मोडून पहा. आत गुलाबी भाग दिसता कामा नये. कोंबडीचे मांस आतपर्यंत किमान ७४ अंश तापले, म्हणजे रोगजंतूंची भीती राहत नाही. कच्चे मांस कापलेली सुरी आणि पाट धुतल्याशिवाय भाजीला वापरू नका. शाकाहारी घरांनी सोयाबीनच्या वड्या दहा मिनिटे गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून याच रीतीने परताव्यात. शेवटी गाजर, पालक आणि पात एक मिनिट परतून त्यात मांस आणि शेवया घाला, वर तीळ भुरभुरा आणि गरम असतानाच वाढा.

घड्याळ पाहिलेत? पाणी उकळण्यापासून ताट वाढेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे. यात सोडा लागला नाही, कुकर लागला नाही, पपईही लागली नाही. पातळ कापणे आणि कामाचा क्रम लावणे एवढ्याने काम झाले. चार मार्गांपैकी पहिल्या मार्गाची किंमत सर्वांत कमी आहे. ती म्हणजे सुरीला धार लावण्याचे कष्ट.

स्वाध्याय

१. ६ मिलिमीटर जाड पनीरच्या कापाच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला अंदाजे किती सेकंद लागतील?

२. तुमच्या गावाची उंची शोधून काढा. तेथे पाणी किती अंशांना उकळावे? तापमापीने पडताळून पहा. फरक आढळल्यास त्याची कारणे सुचवा.

३. गावातील तीन वेगवेगळ्या ठिकाणचे पाणी घ्या. प्रत्येकात एकाच पोत्यातील ५० ग्रॅम तुरीची डाळ सारख्या आचेवर शिजवा आणि वेळ नोंदवा. त्याच तिन्ही पाण्यांत साबणाचे सारखेच थेंब टाकून हलवा. फेस आणि शिजण्याचा वेळ यांत काही संबंध दिसतो काय?

४. चिंच किंवा कोकम डाळीत आधी घातले तर डाळ लवकर शिजत नाही, असा घरातील अनुभव आहे. या लेखातील माहितीवरून त्याचे कारण सांगा.

शिक्षकांसाठी : तिसरा प्रश्न वर्गाचा एकत्र प्रकल्प म्हणून घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरचे पाणी आणावे, डाळ मात्र एकाच दुकानातून घ्यावी. मिळालेले वेळ गावाच्या नकाशावर लिहिले, तर कोणत्या विहिरीचे पाणी जड आहे ते सर्वांना दिसेल, आणि कोणत्या घरांत सोड्याची सवय का लागली याचेही उत्तर मुलांना आपोआप सापडेल.